न जुळलेली बिले

महिन्याची १४ तारीख उजाडली की जीएसटी भरणाऱ्या पेढ्यांमध्ये एक निराळीच लगबग सुरू होते. पुरवठादारांनी भरलेल्या विक्रीच्या विवरणांवरून तयार झालेले जीएसटीआर-२बी हे पत्रक त्या दिवशी पोर्टलवर येते, आणि दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला २० तारखेच्या आत आपला कर चुकता करावयाचा असतो. मधल्या सहा दिवसांत खरेदीवहीतील प्रत्येक बिल त्या पत्रकात आहे की नाही, हे पाहावे लागते. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यानेच हे बंधन घातले आहे. पुरवठादाराने बिल दाखविले नाही, तर त्या बिलावरील कराची वजावट खरेदीदाराला मिळत नाही. माल गोदामात आला, पैसे दिले गेले, बिलही फायलीत आहे, तरी ती रक्कम तूर्त पदरची जाते.

बिलांची संख्या दोनशेच्या वर गेली की ही जुळवणी ओळीवर बोट ठेवून होत नाही. तेथे एक्सेलमधील व्हीलुकअप हे सूत्र कामास येते. ज्यांनी रोजकीर्द आणि खातेवही हाताने लिहिली आहे, त्यांना या सूत्राचे फारसे नवल वाटू नये. कीर्दीतील प्रत्येक नोंदीपुढे खातेपानाचा रकाना असे, तो आकडा पाहून दिवाणजी खातेवहीचे नेमके पान उघडत. व्हीलुकअपही तेच करते. त्याच्या हाती एक खूण द्यावयाची, दुसऱ्या तक्त्याच्या पहिल्या रकान्यात ते ती खूण शोधते, आणि सापडलेल्या ओळीतील हवा तो आकडा उचलून आणते. या कल्पनेचे मूळही करातच आहे, ही गंमत थोड्यांना ठाऊक असते. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली व्हिसिकॅल्क हा संगणकावरील हिशेबतक्ता तयार केला, तेव्हा फ्रँकस्टन यांनी त्यात लुकअप घातले ते स्वतःचा प्राप्तिकर मोजता यावा म्हणून.

फरक एवढाच, की दिवाणजी पान उघडल्यावर नाव वाचीत आणि हे खाते त्याच माणसाचे आहे ना, याची मनाशी खात्री करीत. सूत्राला माणूस ठाऊक नसतो. त्याला केवळ अक्षरे दिसतात.

सांगलीच्या बाजारातील विजेच्या सामानाच्या एका पेढीचे उदाहरण घ्यावे. तेथील हिशेब धाकटी सून पाहते, बी.कॉम. झालेली, हात चलाख. एका महिन्यात खरेदीची २१२ बिले होती. सूत्र लावून खालपर्यंत ओढले, तेव्हा ३१ ओळींसमोर ‘एन/ए’ हा शेरा उमटला. त्या ओळींत अकरा पुरवठादार होते, आणि त्यांतल्या एकाशी पेढीचा व्यवहार सासऱ्यांच्या वडिलांपासूनचा. घरातील थोरल्या मुलाचे म्हणणे असे पडले, की या अकराही जणांना ‘आपण बिले दाखविलेली नाहीत’ असा निरोप धाडावा आणि कराएवढी रक्कम रोखून धरावी. सासरे काही बोलले नाहीत. दिवाणजींनी मात्र विचारले, “वहिनी, यादीत नाही म्हणजे बिलच नाही, हे कुणी सांगितलं?”

प्रश्न साधा होता, पण सहा दिवसांचे काम त्याने बदलले. ‘एन/ए’ या शेऱ्याचा अर्थ ‘बिल नाही’ असा नाही. दिलेली खूण, दिलेल्या रूपात, दिलेल्या रकान्यात सापडली नाही, एवढाच तो आहे.

मग एकेक ओळ उलगडू लागली. १४ बिलांत दोष आकड्याच्या रूपाचा होता. पोर्टलच्या पत्रकात ‘०४५७’ हा क्रमांक अक्षरे म्हणून येतो. पेढीत तोच ४५७ असा टंकला गेला होता आणि एक्सेलने त्याला संख्या मानले. माणसाला दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळ्या वस्तू. त्यांतच एका बिलाचा क्रमांक ५/१२ होता. एक्सेलने परस्पर त्याची ५ डिसेंबर ही तारीख करून टाकली होती. क्रमांकाचा रकाना टंकण्यापूर्वीच मजकूर स्वरूपाचा केला, तर हे दोन्ही टळते. आणखी ८ क्रमांकांच्या शेवटी न दिसणारी मोकळी जागा होती. ती ट्रिम या सूत्राने निघाली. ४ ठिकाणी वर्षाचे अंक आणि तिरकी रेघ गाळून नुसता शेवटचा आकडा लिहिला होता. नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांपर्यंतचा असू शकतो, आणि घाईच्या वेळी सोळा अक्षरे कोण लिहितो!

उरली पाच. दोन बिले तिमाही विवरण भरणाऱ्या लहान व्यापाऱ्यांची होती. ती तिमाहीअखेर पत्रकात येणारच होती. एक बिल पुरवठादाराने चुकून दुसऱ्याच जीएसटी क्रमांकावर चढविले होते. खरोखर न दाखविलेली बिले दोनच निघाली, आणि ती दोन्ही एकाच नव्या पुरवठादाराची. ज्या जुन्या घराण्याला कडक निरोप जाणार होता, त्याचे सारे बिल पत्रकात होते. शून्य गाळले गेले होते ते या पेढीत. बाजारात पत नावाची जी वस्तू आहे, ती अशा एका निरोपाने किती उतरते, हे कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

मात्र ‘एन/ए’ निदान दिसते तरी. खरा धोका सापडलेल्या उत्तरात असतो. सूत्राच्या शेवटी ‘फॉल्स’ हा शब्द लिहावयाचा राहिला, तर एक्सेल नेमकी जुळणी न पाहता जवळची जुळणी पत्करते. दहा हजारांच्या वर अमुक सूट, पंचवीस हजारांच्या वर तमुक, अशा टप्प्यांच्या तक्त्याला हेच हवे असते. चढत्या क्रमाने लावलेल्या टप्प्यांत ते अचूक चालते. बिलांच्या क्रमांकाला मात्र ते घातक. भलत्याच बिलाचा आकडा निमूट येऊन बसतो आणि चुकीची कोणतीही खूण उमटत नाही.

दुसरी गोष्ट, दोन पुरवठादारांचे बिल क्रमांक सारखेच, म्हणजे १०१, असू शकतात. व्हीलुकअप वरून खाली जाताना जे पहिले सापडेल तेथेच थांबते. म्हणून पुरवठादाराचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक आणि बिलाचा क्रमांक जोडून एकच खूण करावी. मग गल्लत होत नाही. शोधाच्या तक्त्याला डॉलरची चिन्हे लावून तो जागीच बांधून ठेवावा, नाही तर सूत्र खाली ओढताना तक्ताही खाली सरकतो आणि वरची बिले शोधाबाहेर पडतात. नव्या आवृत्त्यांत एक्सलुकअप आले आहे; ते न सांगताही नेमकीच जुळणी पाहते. ते उपलब्ध असेल तर तेच वापरावे हे बरे.

काही जण ‘एन/ए’ डोळ्यांना खुपते म्हणून आणखी एक सूत्र चढवून त्या जागी शून्य आणतात. तक्ता देखणा होतो खरा, पण न सापडलेले बिल आणि शून्य कराचे बिल यांतील भेद पुसला जातो. हिशेबात असली सफाई कामाची नव्हे.

बिल सापडले तरी रक्कम ताडून पाहावी लागते. दोन रकमांतील फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाली असावी असा संशय घ्यावा. ५४० ऐवजी ४५० लिहिले की फरक ९० येतो. बँकांच्या शाखांत लेजरचा ताळा रात्री उशिरापर्यंत लागत नसे, तेव्हा हाच तोडगा कामी येई. संगणकाच्या पडद्यावरही तो तसाच लागू पडतो.

शोध उलट दिशेनेही करावयाचा असतो, आणि तोच बहुधा राहून जातो. पत्रकातील प्रत्येक बिल आपल्या वहीत आहे का? नसेल, तर एक तर नोंद राहिली आहे, किंवा कोणी भलत्याचाच माल पेढीच्या क्रमांकावर दाखविला आहे. सांगलीच्या पेढीत असा उलटा शोध घेतला, तेव्हा नोंद न झालेली तीन बिले हाती आली. एक वाहतूकदाराचे होते आणि दुकानातल्या खुंटीवरच अडकून राहिले होते. ही वजावट हक्काची असूनही गेली असती, कारण आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरनंतर ती मागता येत नाही. वार्षिक विवरण त्याआधी भरले, तर त्याही आधी मुदत संपते.

त्या महिन्यानंतर सुनेने एक तिसरा तक्ता केला. कोणता पुरवठादार आधी शून्ये लावतो, कोण वर्ष आधी लिहितो, कोण शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टंकतो, कोण तिमाही विवरण भरतो, हे दिवाणजींना तोंडपाठ होते. त्यांनी सांगावे आणि तिने लिहून घ्यावे, असे चार दुपारी चालले. जुळवणीआधी आता खूण या तक्त्यातून फिरवून घेतली जाते. त्यात आज सत्तर नावे आहेत. नव्या पुरवठादाराची ती दोन बिले पुढच्या महिन्याच्या पत्रकात आली, आणि तोवर रोखलेली रक्कम त्याला त्याच दिवशी पोचती झाली.