अकरा सामन्यांचा हिशेब

चि. निखिल,

अ‍ॅश्टन जेंटी बॅरी सँडर्सच्या तोडीचाच होता, अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये एका मोसमात धावून काढलेल्या यार्डांचा सँडर्सचा विक्रम केवळ २७ यार्डांनी हुकला, असं तू लिहितोस. तुझी वजाबाकी बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. बॉइसी स्टेटच्या जेंटीने २०२४ च्या मोसमात २,६०१ यार्ड काढले आणि ओक्लाहोमा स्टेटच्या सँडर्सने १९८८ मध्ये २,६२८. पण जेंटी १४ सामने खेळला, सँडर्सचे आकडे ११ सामन्यांचे आहेत. अकरा सामने झाले तेव्हा जेंटी २,०६२ वर होता, म्हणजे खरी तफावत ५६६ यार्डांची. शिवाय सँडर्स बारावा सामनाही खेळला होता. वायोमिंगविरुद्धच्या त्या हॉलिडे बोलमध्ये त्याने २२२ यार्ड आणि ५ टचडाउन केले, पण ते अधिकृत बेरजेत आलेच नाहीत, कारण कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए तेव्हा मोसमानंतरच्या बोल सामन्यांची आकडेवारी मोसमात धरत नसे. २००२ पासून धरू लागली, मात्र जुनी खाती कुणी पुन्हा उघडली नाहीत. जेंटीचे फिएस्टा बोलमधले १०४ यार्ड त्याच्या बेरजेत आहेत. दोघांना एकच माप लावलं तर सँडर्सचे १२ सामन्यांत २,८५० होतात.

तू म्हणशील, जेंटीला काही सोप्या सामन्यांत उत्तरार्धात बसवून ठेवलं होतं. खरं आहे. पण तरीही त्याने मोसमात ३७४ वेळा चेंडू घेतला आणि सँडर्सने ३४४ वेळा. दर खेपेची सरासरी जेंटीची ७ च्या आसपास, सँडर्सची ७.६. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सँडर्सच्या संगतीला क्वार्टरबॅक माइक गंडी आणि रिसीव्हर हार्ट ली डाइक्स होते, त्यामुळे बचावफळीला सगळी माणसं एकट्या सँडर्सवर घालता येत नव्हती. पुढची ऑफेन्सिव्ह लाइनही दांडगी होती. हे सगळं मी मान्य करतो. मग १९८७ चं काय करायचं? त्या वर्षी पहिल्या पसंतीचा रनिंग बॅक थर्मन थॉमस असल्याने सँडर्सला रनिंग बॅक म्हणून फारसं काम नव्हतं, जेमतेम ६०३ यार्ड. पण किकऑफ रिटर्नमध्ये, जिथे ऑफेन्सिव्ह लाइनने आखून दिलेली वाट नसते आणि समोरून सगळे सुसाट धावत येतात, तिथे ३१.६ यार्डांच्या सरासरीने तो देशात पहिला आला. मोसमी विक्रम साथीदारांशिवाय झाला नसता, पण ही चपळाई साथीदारांनी दिलेली नव्हती.

दुबळ्या संघांवर आकडे फुगवले, हाही आरोप नेहमीचा. कॅन्सस स्टेटने १९८८ मध्ये एकही सामना जिंकला नाही, कॅन्ससने एकच. त्यांच्याविरुद्ध सँडर्सचे ३२० आणि ३१२ आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच यादीत नेब्रास्काविरुद्ध १८९ आहेत आणि ओक्लाहोमाविरुद्ध २१५. हे दोन्ही सामने त्याचा संघ हरला, म्हणजे प्रतिस्पर्धी लेचेपेचे नव्हते. अकरा सामन्यांतली त्याची सर्वांत वाईट कामगिरी १५४ यार्डांची! त्यांतला शेवटचा, अकरावा सामना टोकियोत, टेक्सस टेकशी होता. मोसमातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइसमन ट्रॉफी मिळाल्याची बातमी त्याला तिथेच कळली आणि मैदानात उतरून त्याने ३३२ यार्ड काढले. टचडाउन केल्यावर नाचणं-बिचणं नाही, चेंडू मुकाट्याने पंचाच्या हातात द्यायचा, ही त्याची सवय. आजच्या खेळाडूंकडे बघून ती मला जास्तच आवडते, हा वयाचा दोष समज.

एका मुद्द्यावर मात्र तुझ्याशी सहमत आहे. ‘सर्वोत्तम कॉलेज कारकीर्द’ असा प्रश्न असेल तर माझंही मत हर्शेल वॉकरला. जॉर्जियाकडून १९८० ते १९८२ असे सलग तीन मोसम त्याने गाजवले. सँडर्स पहिल्या पसंतीचा रनिंग बॅक म्हणून एकच मोसम खेळला. विद्यापीठावर एनसीएएची कारवाई झाली आणि तो एक वर्ष आधीच बाहेर पडला. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइट लायन्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पण वाद एका मोसमाचा असेल, तर १९८८ च्या जवळपासही कुणी नाही. तुझ्या तक्त्यात यार्डांशेजारी सामन्यांचा रकाना घाल आणि मग पुन्हा लिही.

तुझा,
काका