मांडव्याला उतरून चौलकडे

मुंबईहून चौलला थेट बोट आता नाही. सिराफ, ओमान, होर्मुझहून निघालेली गलबते एके काळी ज्या बंदरात नांगर टाकत, तिथे जायचे तर आज मांडव्याला उतरावे लागते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट तासाभरात पोचते आणि आपली गाडीही सोबत नेता येते. गेटवेवरून लाँच सुटतात, पण त्या पावसाळ्यात बंद असतात. लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. बोट धक्क्याला लागली की लोक त्या बसकडे अक्षरशः धावतात. धावू नये. म्हातारी माणसे आणि मुले बरोबर असतील तर गर्दी ओसरू द्यावी. अलिबागच्या एसटी स्टँडवरून रेवदंड्याची गाडी धरली की आक्षी, नागाव आणि मग चौल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या असल्याने उन्हाचा त्रास फारसा जाणवत नाही.

हा झाला रस्ता. पण बोटीतून उतरणाऱ्या माणसाला खरी काळजी रस्त्याची नसते, रात्री पाठ कुठे टेकायची याची असते. आम्ही सात माणसे होतो, त्यात अम्मींचे गुडघे दुखणारे. म्हणून निघण्याआधीच फोन करायला बसलो. पहिल्या दोन ठिकाणी खोल्या होत्या. नाव सांगितल्यावर मात्र "बघून सांगतो" असे उत्तर आले, आणि नंतर कोणी काही सांगितले नाही. खोल्या खरोखरच भरल्या असतील. हुस्ने-जन ठेवावा, असेच आपल्याला शिकवले आहे. पण हा अनुभव वाचकांपैकी बऱ्याच घरांना नवा नसेल. आमचा भाचा म्हणाला, "मामू, नुसते समीर सांगा. पुढचे कोण विचारतो?"

अम्मींना ते पटले नाही. तिसऱ्या फोनवर आम्ही आडनावासकट पूर्ण नाव सांगितले. पलीकडे चौलच्याच एक बाई होत्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: "माणसं किती? आणि जेवायला काय करू?" आम्ही मासळी सांगितली, कारण मासळीत जबिहाचा प्रश्नच येत नाही. पोचलो तेव्हा असरची वेळ झाली होती. वाडीतल्या विहिरीवर वजू केली. काकूंनी पडवी झाडून दिली आणि न विचारता एक धुतलेली चादर आणून ठेवली. मुसल्ले आमच्याकडे होतेच, पण ती चादर आम्ही खाली अंथरली.

रात्री तांदळाची भाकरी आणि सुरमईचे कालवण झाल्यावर पडवीतच बसलो, आणि मुलांना चौलच्या जुन्या पाहुण्यांच्या गोष्टी सांगितल्या.

अरब प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी हिजरी 304 साली, म्हणजे इसवी सन 916-17 मध्ये इथे आला. अरब लोक चौलला सैमूर म्हणत. तेव्हा इथे शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. मसूदीने लिहून ठेवले आहे की गावात सुमारे 10,000 मुसलमान राहत होते. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून येऊन स्थायिक झालेले होते, तसेच याच भूमीत जन्मलेलेही होते. त्यांना तो बयासिरा म्हणतो. मुसलमानांचे आपसातले व्यवहार पाहायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्या पदाला हुनरमन म्हणत, आणि मसूदी आला तेव्हा त्या जागी अबू सईद मारूफ बिन जकरिया हे गृहस्थ होते. नव्याने उतरलेल्या परक्या माणसाने दाद कोणाकडे मागायची, हे हिंदू राजाने असे आधीच ठरवून ठेवले होते. हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे.

दुसरा पाहुणा त्यानंतर साडेपाच शतकांनी आला, आणि मुलांना तोच अधिक आवडला. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितिन 1469च्या सुमारास चौलला उतरला. होर्मुझहून तो घोडे वाहणाऱ्या गलबतातून आला. बरोबर विकायला एक घोडा होता, आणि साऱ्या आशा त्या घोड्यावर. इथल्या लोकांना त्याच्या गोऱ्या रंगाचे इतके नवल वाटले की ते त्याच्या मागे मागे फिरत. चौलहून पालीपर्यंत त्याला आठ दिवस लागले. पुढे घाट चढून तो जुन्नरला पोचला आणि पावसाळाभर तिथे अडकला. सगळीकडे पाणी आणि चिखल, असे त्याने लिहिले आहे. परदेशी व्यापारी धर्मशाळांत उतरतात, तिथे बायका त्यांचा स्वयंपाक करतात आणि अंथरूण घालतात, अशीही त्याची नोंद आहे.

हा ख्रिस्ती माणूस वाटेत स्वतःचे नाव ख्वाजा युसूफ खुरासानी असे सांगत असे. भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही पुढे सांगू लागलो.

जुन्नरच्या असदखानाला कळले की हा मुसलमान नाही. त्याने घोडा काढून घेतला आणि सांगितले की चार दिवसांत इस्लाम कबूल कर, घोडा परत देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाहीतर घोडाही जाईल आणि हजार मोहरांचा दंडही भरावा लागेल. दीनच्या बाबतीत जबरदस्ती चालत नाही, हे असदखानाला ठाऊक नसेल असे नाही. घोडा मात्र उमदा होता. याच सुमारास ख्वाजा मुहम्मद नावाचा एक खुरासानी तिथे आला. निकितिनने त्याला विनवले. तो खानाकडे गेला, निकितिनवरची सक्ती रद्द करवली आणि घोडाही सोडवून आणला. निकितिनने हे सारे अल्लाहची मेहरबानी म्हणून लिहिले, पण ख्वाजा मुहम्मदचे नाव नोंदवायला तो विसरला नाही. आपल्याला त्याच्याविषयी एवढेच माहीत आहे.

पुढे बिदरला निकितिनची अनेक हिंदूंशी ओळख झाली. त्यांना त्याने आपला धर्म आणि खरे नाव सांगून टाकले. त्यानंतर त्या लोकांनी खाणेपिणे, पूजा, व्यापार यांतले काहीच त्याच्यापासून लपवले नाही, असे तो लिहितो. धर्मग्रंथ वाटेत लुटले गेल्याने त्याला आपले सण कधी येतात तेही कळत नव्हते. म्हणून मुसलमानांनी रोजे धरले की तोही उपास करी. परतीच्या वाटेवर दाभोळला तो होर्मुझच्या गलबतात चढला, पण घरी पोचायच्या आत वाटेतच वारला. त्याच्या वहीचा शेवट अरबी दुआने आणि अल्लाहच्या नावांनी होतो. रेवदंड्यात त्याच्या स्मरणार्थ काळ्या दगडाचा स्तंभ उभारला आहे. दुसऱ्या दिवशी तो पाहायचे ठरले. चौलचा जुना हमामखाना, रामेश्वराचे देऊळ आणि पोर्तुगीजांचा पडका कोट पाहायला मिळून एक दिवस पुरतो, मात्र हमामखान्यापर्यंत वाड्यांतून चालावे लागते. पायांत चांगली चप्पल हवी.

काकू भांडी आवरून आमच्यात येऊन बसल्या होत्या. धाकट्याला झोप आली होती, तरी त्याने विचारले, "मग घोड्याचे काय झाले?"

घोडा निकितिनने बिदरला विकला. तोवर जवळजवळ वर्षभर त्याने तो पदरचे पैसे घालून पोसला होता.