वारा तुमचा, वाळू सगळ्यांची

तीन चाकं, एक पतंग आणि ब्रेक नावाची गोष्टच नाही! डेन्मार्कच्या फानो बेटावर काइट बगी चालवायची असेल, तर स्पीडच्या आधी शिकावे लागतात मॅनर्स...

बीचवर स्पीड लिमिट असतं असं कुणी सांगितलं, तर तुम्ही हसाल. मीही हसले होते. पण फानोचा बीच हा नुसता बीच नाहीच, तो चक्क रस्ता आहे. लोक घरच्या गाड्या घेऊन थेट वाळूवर उतरतात, ताशी ३० किलोमीटरची मर्यादा पाळतात, समुद्राकडे तोंड करून गाडी लावतात आणि डिकी उघडून कॉफी पीत बसतात. वाळू इतकी टणक की टायरचा ठसासुद्धा जेमतेम उमटतो. आणि रुंदी एवढी, की ओहोटीला समुद्र कुठे सुरू होतो ते डोळ्यांवर हात धरून शोधावं लागतं.

डेन्मार्कच्या नैर्ऋत्य टोकाला एस्बिअर्ग नावाचं बंदर आहे. समुद्रात उभ्या करायच्या पवनचक्क्यांची अजस्र पाती इथूनच जहाजावर चढतात. कंपनीच्या प्रोजेक्टसाठी आम्ही दोघं तीन महिने तिथे होतो. मी पुण्याची, माझा कलीग येवल्याचा. आठवडाभर एक्सेल शीटमध्ये वारा मोजायचा आणि शनिवारी फेरी पकडायची. बरोब्बर १२ मिनिटांत फानो! तिथे तोच वारा अंगावर घ्यायचा.

येवल्याचा माणूस आणि पतंग, हे समीकरण तुम्हाला माहीत असेलच. संक्रांतीला तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. त्यामुळे बीचवर पतंगाला बांधलेली तीनचाकी सुसाट जाताना दिसली, तेव्हा या गड्याचे डोळे असे काही चमकले की ज्याचं नाव ते!

ब्रेक नाही, बॉस!

काइट बगीचा फंडा एकदम सिंपल. स्टीलची हलकी चौकट, तीन जाडजूड चाकं, बूड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. पुढचं चाक पायांनी वळवायचं. हातात दोन मुठी, मुठींना चार दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला वीस-पंचवीस मीटरवर चादरीएवढा, कधी खोलीएवढाही पतंग. इंजिन नाही, पेट्रोल नाही. आणि ब्रेकही नाही! थांबायचं तर बगी वाऱ्याच्या दिशेने वळवायची आणि पतंग डोक्यावर आणायचा. अगदीच हाताबाहेर गेलं, तर मुठी सोडून द्यायच्या. मनगटाला बांधलेला पट्टा मागच्या दोऱ्या ओढून धरतो आणि पतंग जागच्या जागी कोसळतो.

ही बगी आजच्या रूपात लोकप्रिय केली न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी, १९९० च्या सुमारास. पण आयडिया त्याहून कितीतरी जुनी. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरांनी १८२६ मध्येच पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. त्या काळी टोल घोड्यांच्या संख्येवर असायचा. या गाडीला घोडाच नाही, म्हणजे टोल माफ! क्रिकेटवाल्यांसाठी बोनस : डब्ल्यू. जी. ग्रेस हा याच पोकॉक मास्तरांच्या मुलीचा मुलगा.

पोकॉक मास्तरांचा एक किस्सा सांगतात. त्यांच्या पतंगगाडीने एकदा रस्त्यात ड्यूक ऑफ ग्लॉस्टरच्या बग्गीला मागे टाकलं. ड्यूकला ओव्हरटेक करणं म्हणजे केवढा उद्धटपणा! मग काय, गाडी थांबवली, ड्यूकची बग्गी पुढे जाऊ दिली आणि मगच पुन्हा वारा धरला. म्हणजे या खेळाच्या जन्मापासूनच त्याला एक प्रश्न चिकटलेला आहे : रस्ता सगळ्यांचा असताना थांबायचं कुणी?

फानोवर आज ड्यूक नाहीत. पण उत्तर तेच आहे, फक्त मान ड्यूकचा नाही. पायी चालणाऱ्याचा आहे.

आधी नजर, मग पतंग

आम्हाला शिकवायला होते एक पांढऱ्या दाढीचे काका. पहिला पाऊण तास त्यांनी आम्हाला बगीला हातही लावू दिला नाही. नुसतं बीचवर फिरवलं. वारा कुठून येतोय? पश्चिमेकडून, म्हणजे समुद्रावरून. मग पतंग कुठे असणार? वाळूच्या टेकड्यांच्या बाजूला. माणसं कुठे आहेत? पाण्याच्या कडेला.

ही माणसं तिथे मान खाली घालून चालत असतात. वादळानंतर समुद्र इथे अंबर टाकून जातो, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडांतून गळलेल्या चिकाचे मधाच्या रंगाचे खडे. ते शोधणाऱ्याला ना तुमची बगी दिसते, ना वाऱ्यात आवाज ऐकू येतो. त्याने तुम्हाला पाहिलंय असं धरूनच चालायचं नाही.

म्हणून नियम असा, की माणूस नेहमी तुमच्या वाऱ्याकडच्या बाजूला राहिला पाहिजे. म्हणजे पतंग आणि दोऱ्या त्याच्यापासून लांब, उलट्या बाजूला राहतात. आणि अंतर किती? दोरीच्या लांबीपेक्षा जास्त, कारण पतंग पडला तर तेवढ्या टप्प्यात कुठेही पडू शकतो. लांब जाण्याइतकी जागा नसेल, तर थांबायचं. पतंग खाली घ्यायचा. माणूस गेला की मग पुढे.

दोन बग्या समोरासमोर आल्या, तर दोघांनी आपापल्या उजवीकडे व्हायचं. जो वाऱ्याच्या बाजूला आहे त्याने पतंग वर न्यायचा, पलीकडच्याने खाली. नाहीतर दोऱ्या अडकल्याच म्हणून समजा. मागून येणाऱ्याने ओव्हरटेक करायचं तर जबाबदारी सगळी त्याची. घोडेस्वार दिसले तर नुसतं हळू होऊन भागत नाही. पतंग पूर्ण जमिनीवर आणायचा, कारण डोक्यावर फडफडणारं कापड पाहून घोडा बिथरला तर पडणार घोड्यावरचा माणूस, तुम्ही नाही.

कॉफीला जायचंय? दोऱ्या गुंडाळायच्या, पतंगावर वाळू टाकायची, बगी आडवी करून ठेवायची. वाळूवर पसरलेली दोरी म्हणजे दुसऱ्याच्या पायात टाकलेला फास.

दोरीचं माझ्या कलीगला वेगळं समजवावं लागलं नाही. त्याने ती बोटांत धरून पाहिली आणि गप्प झाला. डायनिमाची दोरी असते ती, सुतळीहून बारीक, पण माणसाचं वजन सहज ओढणारी. वेगात असताना ती हवेत दिसतच नाही. ‘अगं, आपल्याकडे नायलॉन मांजाने गळे कापतात ना, तेच आहे हे,’ तो म्हणाला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी दर संक्रांतीला पेपरमध्ये त्याच बातम्या येतात. ‘गई बोला रे धिना’ ओरडताना दोरीचं दुसरं टोक कुठे जातंय, ते कुणी बघतं का?

‘अख्खा बीच मोकळा आहे!’

तिसऱ्या शनिवारी त्याला खरा वारा मिळाला. बगीसाठी गर्दीपासून लांब, दक्षिणेकडे वेगळा पट्टा आहे. तिथे तो सुटला तो सुटलाच. मागे वाळूची शेपटी, पुढे तीन-चार किलोमीटर मोकळं मैदान. आणि तेवढ्यात एक आई, दोन पोरं आणि एक कुत्रा रमतगमत नेमके मधोमध आले. कुत्र्याला पतंगाच्या सावलीमागे धावायचं होतं. काकांनी लांबून हात वर केला. याने पतंग पाडला. मागच्या चौघांनीही पाडले.

पोरांना एक जेलीफिश सापडला होता. त्याची तपासणी वीस मिनिटं चालली! पाच बग्या गप उभ्या.

‘अगं, अख्खा बीच मोकळा आहे. शिवाय हा पट्टा आपला आहे. त्यांना जरा बाजूला व्हायला काय झालं?’ तो माझ्यावरच वैतागला. खरं सांगते, मलाही ते पटत होतं. मी तसं काकांना विचारलं.

काका म्हणाले, ‘पट्टा आपल्याला चालवायला दिलाय, त्यांना चालायला बंद केलेला नाही. इथे आपण पाहुणे. पाहुण्याने यजमानाला सोफ्यावरून उठवायचं नसतं.’ आणि मग त्यांनी आम्हाला १९२४ ची गोष्ट सांगितली.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला फानोची ही टणक वाळू मोटारींच्या शर्यतींसाठी युरोपभर प्रसिद्ध होती. जगातला सर्वाधिक वेगाचा विक्रम करायला इंग्लंडचा माल्कम कॅम्पबेल इथे आला. प्रेक्षकांना आवरायची व्यवस्था पुरेशी नाही, अशी तक्रार त्याने आयोजकांकडे केलीही होती. १९२४ मध्ये त्याच्या भरधाव गाडीचा टायर निखळला आणि गर्दीत घुसला. एक मुलगा मेला. फानोवरच्या शर्यती संपल्या. कॅम्पबेलने त्याच वर्षी वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर ताशी २३५ किलोमीटरचा विक्रम केला. जगाला आठवतो तो हा आकडा.

‘तो मुलगा काही चुकीच्या जागी उभा नव्हता. तो त्याच्याच बीचवर उभा होता,’ काका म्हणाले.

माझा कलीग काही बोलला नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी उतरत्या उन्हात पाण्याच्या कडेने एक आजी वाकून अंबर शोधत येत होत्या. त्या अजून दोनशे मीटर लांब असतानाच, कुणी हात वर करायच्या आत, याचा पतंग खाली आला होता. आजींना कळलंसुद्धा नाही की त्यांच्यासाठी कुणीतरी त्या दिवसातला सर्वांत भारी वारा सोडून दिलाय. त्या आल्या तशाच खाली बघत निघून गेल्या. मॅनर्सची गंमतच ही आहे. ते नीट पाळले की समोरच्याला पत्ताही लागत नाही!

परवानगी उधारीवर

यात आणखी एक पार्टी आहे, तिला तर बोलताही येत नाही. फानो वाडन समुद्रात येतं. भरती-ओहोटीच्या चिखलाचा हा पट्टा २०१४ पासून डेन्मार्कच्या बाजूलाही युनेस्कोचा जागतिक वारसा आहे. दरवर्षी एक कोटीहून जास्त स्थलांतरित पक्षी या समुद्रावर उतरतात, खातात, दम घेतात आणि पुढे जातात. भरतीच्या वेळी ते वाळूच्या उंचवट्यांवर दाटीने बसलेले असतात. वरून पतंग गेला, की त्यांना वाटतं ससाणा आला. अख्खा थवा उडतो आणि पुढच्या हजारो किलोमीटरसाठी साठवलेली ताकद फुकट जाते. म्हणून पक्षी बसलेले दिसले की बगी लांबूनच वळवायची. वाळूच्या बांधावर पहुडलेल्या सील माशांनाही... सॉरी, सील मासे नव्हेत, सस्तन प्राणी! काका इथेही करेक्शन करायचे.

आता वाटेल, एवढे नियम पाळायचे तर मजा काय राहिली? मलाही सुरुवातीला ही खेळाची नाही, ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा वाटली होती. पण सार्वजनिक बीचवर बगी चालवणं हा कुणाचा हक्क नाही, ती परवानगी आहे आणि तीही उधारीवर. एक अपघात झाला, की बंदी त्या एका माणसावर येत नाही, सगळ्यांवर येते. त्यामुळे प्रत्येक जण आपल्या पतंगाबरोबर बाकीच्यांचे पतंगही हातात धरून असतो.

आपल्याकडे काइट बग्या नाहीत. पण दर लाँग वीकएन्डला कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या बीचवर वाळूत रुतलेल्या एसयूव्हीचे व्हिडिओ फिरतातच. किल्ले करणारी पोरं, जाळी सुकवणारे कोळी, पाय भिजवायला आलेले आजी-आजोबा... आणि त्यांच्यामधून हॉर्न वाजवत जाणारी गाडी. आपला समज असा, की जो जोरात येतोय त्याला वाट द्यायची. फानोची वाळू बरोब्बर उलटं शिकवते : ज्याचा वेग जास्त, त्याचा हक्क कमी. हे शिकायला पतंग लागत नाही, बगीही लागत नाही. आणि ते फक्त बीचलाच लागू आहे असंही नाही. सोमवारी सकाळी हिंजवडीच्या सिग्नलवर ट्राय करून बघा!

जायचंय?

कसं जाल : कोपनहेगनहून ट्रेनने एस्बिअर्ग साधारण तीन तास. तिथून फेरीने १२ मिनिटांत नॉर्डबी, बेटावरचं मुख्य गाव. बीच बेटाच्या पश्चिमेला.

कधी : उन्हाळा बेस्ट. जूनमध्ये जगभरचे पतंगवाले इथे जमतात. हा मेळावा १९८५ पासून भरतोय. तेव्हा नुसतं आकाश बघायला गेलात तरी पैसे वसूल. राहण्याची सोय मात्र खूप आधी करा.

काय न्याल : विंडचीटर, बंद शूज, गॉगल, ग्लोव्हज. हेल्मेटशिवाय बगीत बसायचं नाही.

कुणाकडून शिकाल : शिकवणाऱ्याकडूनच, यूट्यूबवरून नाही. पहिल्या दिवशी छोटा पतंग आणि सेकंदाला चार ते सहा मीटरचा वारा पुरे. आभाळ गडगडलं तर पतंग बॅगेत.

आधी काय विचाराल : बगीचा पट्टा कुठून कुठपर्यंत, या मोसमात कुठला भाग बंद आहे, भरती किती वाजता आणि थर्ड पार्टी इन्शुरन्सचं काय. दुसऱ्या देशातल्या बीचवर गेलात, तर हेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून. ब्रिटनमध्ये तर पतंग ६० मीटरच्या वर न्यायचा असेल, तर त्यालाही परवानगी लागते.