साखरेच्या बंदरातलं व्हायोलिन

हवानाहून मातान्सास शंभरेक किलोमीटर. सत्तरी गाठलेल्या शेव्हरोलेत आम्ही सगळे कोंबलेले. बाकुनायाग्वाच्या पुलापाशी ड्रायव्हरनं न सांगताच गाडी थांबवली. खाली 110 मीटर खोल दरी, पलीकडे ताडांनी भरलेलं युमुरीचं खोरं. मग उतार, आणि समोर खाडी.

हे साखरेचं बंदर. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी ऊस तोडला, त्या पैशावर गावात नाट्यगृह उभं राहिलं. 1863 चं साउतो थिएटर आजही देखणं आहे. प्रेक्षागृहाची लाकडी जमीन वर उचलून तिथे नाच व्हायचे. पण मला हे गाव 1844 सालामुळे जास्त कळलं. बंडाच्या संशयावरून स्पॅनिश सरकारनं गुलामांना नि स्वतंत्र कृष्णवर्णीयांना शिडीला बांधून फोडून काढलं, प्लासिदो या कवीला इथेच गोळ्या घातल्या. धरपकडीतून वादकही सुटले नाहीत.

पुढे व्हायोलिनवादक झालेला होसे व्हाइट तेव्हा आठ वर्षांचा. बाप फ्रेंच व्यापारी, आई कृष्णवर्णीय. दहाच वर्षांनी, मार्च 1854 मध्ये, त्याच गावात तो मैफलीला उभा राहिला. पियानोवर साथीला न्यू ऑर्लिन्सचा गॉटशॉक. त्यानंच पोराला पॅरिसला जायला भरीला घातलं, पैसेही जमवले. 1856 मध्ये तिथल्या कॉन्झर्वेटरीचं पहिलं पारितोषिक! पुढे 1875 मध्ये मायदेशी येऊन वाजवलं, तर सरकारनं हाकलून दिलं.

त्याच्या नावाचं सभागृह चौकालगत आहे. याच वास्तूत 1 जानेवारी 1879 ला संगीतकार फाइल्देचा पहिला दान्सोन, म्हणजे क्यूबन नाचाची धून, वाजला होता. मी शिरलो तेव्हा दोन मुली व्हाइटच्या ‘ला बेया कुबाना’ची तालीम करत होत्या. पहिलं व्हायोलिन वाजवणारी विशीतली, गजाला राळ घासताना सारखी वरच्या तारेकडे बघणारी. तार टोकाशी उसवली होती. सरकारी खर्चानं शिकलेली; आता नेमून दिलेल्या शाळेत मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात एकल वादनाची तयारी करायची. तिच्या वर्गातले बरेचजण परदेशी गेलेत. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटेना. व्हाइटलाही इथे राहून व्हाइट होता आलं नसतं.

“तुम्ही जाणार?” मी विचारलं.

“आधी शनिवारचा कार्यक्रम,” ती म्हणाली. “आणि परत आलात तर तारा आणा. वरची ‘ई’ दोन जास्त.”