उताराची निवड

नोकरीने आम्हांस बदलीच्या गावी निमूटपणे उतरावयास शिकविले. गाव निवडण्याचा अधिकार उरला तो केवळ रजेपुरता. पन्नाशीनंतर आमच्या सौभाग्यवतींनी बर्फावर स्की शिकण्याची हौस बोलून दाखविली, तेव्हा आम्ही आल्प्सचा नकाशा उघडला. त्सेरमाटला आगगाडी जाते खरी. परंतु नवशिक्यांचा उतार गावाच्या डोक्यावर, सुनेगाला. वेंगेन १२७४ मीटरांवर. लाउटरब्रुनेनहून १८९३ पासून दंतचक्राची गाडी तेथे चढते, खाजगी मोटारींना मज्जाव आहे, आणि शिकाऊंचा उतार गावाच्या मध्यावरच. दुखरा गुडघा कुरकुरलाच, तर मुक्काम जवळ! शिखरे कोठे जात नाहीत. दोघांनी मिळून पडण्याउठण्याची वर्षे मात्र मोजकीच उरतात. या प्रकरणी अधिक शेरे न मागविता आम्ही वेंगेनवर सही केली.