सासूबाईंची वसई

आमच्या सासूबाईंना मी लग्नकार्याला, बारशाला, दहाव्या-तेराव्याला जाताना पाहिलंय. पंढरपूर झालं, नरसोबाची वाडी झाली. पण नुसतं फिरायला म्हणून त्या कधी घराबाहेर पडल्याचं, माझ्या लग्नाला एकोणतीस वर्षं झाली तरी, मला आठवत नाही. त्यामुळे मेथी निवडता निवडता त्या एकदम म्हणाल्या, "मला एकदा वसईचा किल्ला बघायचाय गं," तेव्हा माझ्या हातातली काडी हातातच राहिली.

ह्यांना सांगितलं, तर "पडक्या भिंती काय बघायच्यात? आणि आईचे गुडघे?" म्हणून पुन्हा पेपरात डोकं घातलं. मग दोघींनीच ठरवलं. आदल्या रात्री दशम्या केल्या, तिळाची चटणी बांधली आणि बुधवारी सकाळी निघालो.

डोंबिवलीकरांना दिव्यावरून वसईला थेट गाडी आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच. म्हणून दादरला उतरून विरार गाडी धरली. सकाळची सगळी गर्दी मुंबईकडे येणारी, त्यामुळे उलट दिशेला बायकांच्या डब्यात चक्क खिडकी मिळाली! भाईंदर सुटलं की खाडीवरचे पूल लागतात आणि मध्ये पाणजू बेट. एका बाईंनी निर्माल्याची पिशवी बाहेर टाकायला हात उचलला, तर सासूबाईंनी तो धरलाच. "खाली माणसं राहतात हो. नारळ डोक्यात बसला म्हणजे?" बाई गप्पच बसल्या.

वसई रोडला पश्चिमेला बाहेर पडायचं. किल्ला मात्र स्टेशनापासून बराच लांब आहे. बस किंवा रिक्षा करावी लागते. मैत्रिणींनो, स्वच्छतागृहाचं काम स्टेशनावरच उरकून घ्या, आणि पाणी घरून न्या. आत ऊन फार.

किल्ला म्हणजे डोंगरावर चढायचा, ही आपली समजूत. इथे चढ नाहीच, सगळं सपाट. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांना दिली, आणि त्यांनी तटाच्या आत अख्खं शहर वसवलं. घरं, मठ, एकाहून एक मोठी चर्चेस. आता छपरं गेलीत. कमानी उभ्या आहेत, भिंतींतून वडपिंपळ फुटलेत. एका चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या फरश्या आहेत. चालताना पाय आपोआप बाजूला पडतो.

चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये हा किल्ला घेतला. त्यासाठी मराठ्यांची हजारो माणसं पडली. तरीही शरण आलेल्यांना हत्यारांसह, बायकामुलांसह मानानं जाऊ दिलं. पुढे दीड वर्षानं, डिसेंबर १७४० मध्ये, आप्पा स्वतःच गेले. आणि ह्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी तह करून पेशवाईच्या गळ्यात फास अडकवून घेतला! आप्पांच्या पुतळ्यापाशी मी हे सगळं उत्साहानं सांगत होते, पण सासूबाईंचं लक्षच नव्हतं. त्या मान वर करकरून काहीतरी शोधत होत्या.

"आई, काय बघताय?"

"घंटेची जागा."

तेव्हा कळलं. त्यांचं माहेर नाशिकचं, पंचवटीतलं. गोदेकाठी नारोशंकराच्या देवळाची ती मोठी घंटा त्या रोज बघत वाढल्या. वसईच्या विजयातली म्हणून ती तिथे प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील बोट धरून दाखवायचे आणि म्हणायचे, "ही वसईची. मोठी झालीस की तुला वसई दाखवीन." त्या नऊ वर्षांच्या असताना वडील गेले.

वसईच्या घंटा पुढे कुठे कुठे गेल्या. वाईजवळ मेणवलीलाही एक आहे. त्यांच्यातली नाशिकची नेमकी कुठल्या चर्चची, ते काही आम्हाला सापडायचं नव्हतं. सासूबाईंनी सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा निवडला. "हीच असणार," म्हणून त्याच्या सावलीत दगडावर बसल्या. मी डबा उघडला. बराच वेळ त्या जेवल्याच नाहीत.

"इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत," मी म्हटलं.

"कुणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही, सहज. पण माझा घास घशात अडकला. त्यांना चहात साखर किती लागते ते मला पाठ आहे. वडील कधी गेले, ते आज कळत होतं.

मग बंदराच्या बाजूला गेलो. तिथे कोळणींचे बोंबील बांबूंवर वाळत होते, आणि त्यांचा वास अगदी नाकात बसणारा. आम्ही शाकाहारी, मला वाटलं सासूबाई पदर लावतील नाकाला. त्या उलट एका कोळणीशी भावाची चौकशी करत उभ्या राहिल्या! घ्यायचं काहीच नव्हतं. येताना वसईची सुकेळी मात्र घेतली. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवतात, चवीला खजुरासारखी लागतात. ह्यांनी रात्री एकट्यानं अर्धं पाकीट संपवलं.

परतताना गुडघे चांगलेच दुखत होते. डब्यात शेजारच्या मुलीनं त्यांना जागा दिली आणि विचारलं, "आजी, देवाला गेला होतात का?"

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या, "फिरायला."