भिंतीवरील रेघ

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्हां धर्मगुरूंच्या नशिबी या दोहोंपैकी एकही नाही. घर पाहावे विकून, असे मात्र कोणी म्हणून ठेवलेले नाही. आणि तो योग आमच्या आयुष्यात दोनदा आला. एकदा साताऱ्यात, वारस म्हणून. आणि पंचवीस वर्षांनी सांगलीत, केवळ मदतनीस म्हणून.

सांगलीची हकिकत आधी सांगतो. 2023 च्या उन्हाळ्यात गावभागातील एका माईंनी आपले राहते घर विकावयास काढले. माई सत्तरीच्या. आयुष्यभर रुग्णसेवा केलेल्या. यजमान निवर्तलेले, मुलगा पुण्यात नोकरीला. आईने एकटे राहू नये असा त्याचा आग्रह होता आणि तो योग्यच होता. दलालाने एकाच रविवारी दुपारी चार गिऱ्हाइके आणण्याचे ठरविले होते. चौघांनी एकमेकांना पाहिले म्हणजे भाव आपोआप चढतो, हे त्याचे शास्त्र. "फादर, दोन दिवसांसाठी चार पोरं द्याल का? घर माणसांपुढं ठेवण्यासारखं करायचंय," असा माईंचा निरोप आला आणि शनिवारी सकाळी धर्मग्रामातील चार तरुणांसह आम्ही त्यांच्या दारात उभे राहिलो.

घर दाखविण्यासाठी सिद्ध करणे म्हणजे काय, हे त्या दिवशी कळले. प्रथम माळा रिकामा केला. तुटका पाळणा, गंजलेला स्टोव्ह, नाताळच्या गोठ्याचा बांबूचा सांगाडा, मुलाची दहावीपर्यंतची पुस्तके. भंगारवाला आला, तेव्हा पाळण्याचा भाव ऐकून माई आत निघून गेल्या. मग शहाबादी फरशी सोड्याने घासली. कित्येक वर्षे न उघडलेली मागची खिडकी तेल घालून उघडली आणि स्वयंपाकघरात एवढा उजेड आला की माई म्हणाल्या, "आधीच उघडली असती तर!" कौले चाळली, गळका नळ बदलला. मालमत्ता पत्रकाचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, वारसनोंदीचा कागद एका पिशवीत लावून ठेवले. कारण जाणते गिऱ्हाईक भिंतीआधी कागद पाहते.

दलालाच्या आणखी दोन सूचना होत्या. पहिली, दर्शनी भिंतीवरील पवित्र हृदयाची तसबीर व क्रूस उतरवून ठेवावा. येणारा कोणत्या धर्माचा असेल, कोण जाणे. माईंनी क्षणभर विचार केला व म्हणाल्या, "घर रिकामं करीन त्या दिवशी तो माझ्याबरोबर येईल. तोवर तो इथलाच आहे." आम्ही काही बोललो नाही. बोलण्यासारखे उरलेच नव्हते.

दुसरी सूचना भिंतींविषयी होती. जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर, चारही भिंतींवरून, एक तपकिरी रेघ गेली होती. ऑगस्ट 2019 च्या महापुराची ती रेघ. तेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी 45 फुटांची. 1929 साली बांधलेल्या त्या पुलाकडे पाहून पाण्याचा अदमास घेणारे जुने सांगलीकरही त्या वर्षी चकले. त्या रेघेच्या खाली 2021 च्या जुलैची दुसरी, फिकट रेघ होती. रेघांखालचा गिलावा लोणा लागून भुसभुशीत झालेला. दलालाचे म्हणणे असे, की पोपडे खरवडून, लांबी भरून, सहा फुटांपर्यंत ऑईल पेंट मारावा. पावसाळ्यापर्यंत तो टिकेल आणि तोवर खरेदीखत होऊन जाईल.

रंगाचा डबा आणलेला होता. एका तरुणाने ब्रश हातात घेतला, तेव्हा माईंनी आम्हांला बाजूला बोलावून विचारले, "फादर, हे खोटं बोलणं होईल का?"

वाचकहो, हा प्रश्न सेमिनरीच्या परीक्षेत आला असता तर आम्ही त्याचे उत्तर चार पाने लिहिले असते. इ.स.पूर्व 44 मध्ये सिसरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात नेमके हेच उदाहरण आहे: घर रोगट आहे, त्याचे लाकूड कुजके आहे, हे एकट्या मालकालाच ठाऊक, विकताना त्याने सांगावे की नाही? सांगावे, असा सिसरोचा कौल आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हा विचार अधिक नेमका केला. जो दोष कोणालाही दिसतो, त्याची दवंडी पिटण्यास विकणारा बांधलेला नाही, मात्र किंमत त्या मानाने उतरली पाहिजे. परंतु ज्याने घेणाऱ्याचे नुकसान किंवा घात होईल असा लपलेला दोष त्याने सांगितलाच पाहिजे. पडके घर भक्कम म्हणून विकणे हे उदाहरण त्यांनीही दिले आहे. आपला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही कलम 55 मध्ये विक्रेत्यावर जवळजवळ तेच बंधन घालतो.

हे सारे आम्हांला मुखोद्गत होते. तरीही तोंडून शब्द फुटेना. कारण डोळ्यांपुढे साताऱ्याची भिंत उभी राहिली.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचे वडिलोपार्जित घर होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा त्याच्या पश्चिमेच्या भिंतीला छतापासून जोत्यापर्यंत भेग गेली. वडील दर दिवाळीला ती चुन्याने बुजवीत आणि दर पावसाळ्यात ती पुन्हा डोके वर काढी. 1998 साली, वडिलांच्या पश्चात, आम्ही भावंडांनी घर विकले. गिऱ्हाईक यायच्या आठवडाभर आधी थोरल्या भावाने भेगेवर सिमेंटचा गिलावा करून वर रंग दिला आणि पुढे एक कपाट उभे केले. आम्ही तेव्हा नव्यानेच दीक्षा घेतलेले. आम्ही ते पाहिले. खरेदीखतावर वारस म्हणून आमचीही सही आहे. वाट्याला आलेले पैसे आम्ही सत्कार्याला दिले आणि तेवढ्यावर मनाची समजूत घातली.

माई उत्तराची वाट पाहत होत्या. आम्ही त्यांना सिसरो सांगितला नाही. साताऱ्याचे कपाट सांगितले. आजवर ते कोणालाही सांगितले नव्हते. त्यांनी ऐकून घेतले, आणि तरुणाला म्हणाल्या, "बाळा, पोपडे काढ, भिंत झाडून घे. रंग राहू दे."

रविवारी चौघे आले. त्यांपैकी तिघे सांगलीचेच. त्यांनी रेघ पाहिली, बोटाने गिलावा दाबून पाहिला, चहा घेतला आणि गेले. चौथे कुटुंब आटपाडीकडचे होते. मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर हवे होते. जिथे टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे गेले, तिथली ती माणसे. त्यांना त्या रेघेचा अर्थच कळला नाही. गृहस्थांनी विचारले, "ही डिझाईन आहे का?" दलालाने विषय बदलण्यासाठी खिडकीकडे हात केला. माई मात्र रेघेखाली जाऊन उभ्या राहिल्या. रेघ त्यांच्या कपाळाला लागत होती. "पाणी इथवर आलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांनी पुन्हा आलं, ते इथवर. पुढंही येईल. आलं की सामान माळ्यावर टाकायचं आणि वेळेवर बाहेर पडायचं."

त्या कुटुंबाने घर घेतले नाही. त्यांनी पुढे विश्रामबागेकडे उंचावरची जागा पाहिल्याचे कानांवर आले. माईंचे घर दिवाळीनंतर गावभागातल्याच एका व्यापाऱ्याने गोदामासाठी घेतले, तेही अपेक्षेपेक्षा बऱ्याच कमी किमतीत. मुलगा काही महिने आमच्याशी मोजकेच बोलत होता. त्याचा राग आम्हांला समजतो. कमी झालेले पैसे त्याच्या आईच्या म्हातारपणाचे होते.

त्यानंतरच्या चाळीसकाळात आम्ही साताऱ्यास गेलो. घर घेणारे गृहस्थ आता वृद्ध झाले आहेत. आम्ही ओट्यावर बसून, फारशी प्रस्तावना न करता, भेगेचे सांगितले. ते थोडे हसले. म्हणाले, "पहिल्याच पावसाळ्यात कळलं होतं, फादर. मागून टेकू देऊन भिंत बांधून घेतली. भेग सांगितली असती तरी आम्ही घर घेतलंच असतं." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "पण सांगितलं असतं, तर बरं झालं असतं."

टेकूच्या खर्चाचा विषय आम्ही काढला. त्यांनी तो घेऊ दिला नाही. चहा मात्र दिला.

महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा आणि कोयना कराडला भेटतात व तशाच पुढे सांगलीला येतात. साताऱ्याच्या डोंगरांवर पडलेले पाणी सांगलीच्या भिंतींवर आपली खूण ठेवून जाते. माईंच्या घरातील क्रूस आता पुण्याच्या सदनिकेत आहे. त्याच्या मागे लाकडात मुरलेली एक तपकिरी रेघ आहे. ती त्यांनी पुसलेली नाही.